स्ट्रेचरवर काढलेली रात्र

डॉक्टरांनी आजोबांना तपासलं, रक्ताच्या चाचण्या झाल्या, भरती करायचं ठरलं. पण वॉर्डात बेड रिकामा नाही. मग रात्र इमर्जन्सीतल्या स्ट्रेचरवरच. उपचार तर सुरू झालेत, बेड सकाळी मिळाला तरी काय बिघडतं, असं नातेवाइकांना वाटतं. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासून पाहिलं.

12 ते 14 डिसेंबर 2022 या काळात तिथल्या 97 इमर्जन्सी विभागांतून भरती झालेल्या, 75 वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या 1,598 रुग्णांचा त्यांनी मागोवा घेतला. मध्यरात्रीच्या आत वॉर्डात पोहोचलेल्यांपैकी 11.1 टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंत इमर्जन्सीतच राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण 15.7 टक्के होतं. दोन्ही गटांतले वयाचे आणि आजारपणाचे फरक हिशेबात धरल्यावरही धोका सुमारे 40 टक्क्यांनी जास्तच निघाला. रोजच्या व्यवहारात आधीपासूनच दुसऱ्याची मदत लागणाऱ्यांना तर तो सर्वाधिक होता.

चिठ्ठ्या टाकून कुणाला रात्रभर ताटकळत ठेवण्याचा प्रयोग करता येत नाही, त्यामुळे असे अभ्यास निरीक्षणावरच चालतात आणि कार्यकारणाची पक्की खात्री देत नाहीत. पण इंग्लंडमधल्या 50 लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदीही तेच सांगतात. आल्यापासून पाच तास उलटले की धोका चढू लागतो. सहा ते आठ तासांपलीकडे रखडलेल्या दर 82 रुग्णांमागे 30 दिवसांत एक जास्तीचा मृत्यू. हे संशोधन 2022 मध्ये प्रसिद्ध झालं.

असं का होत असावं? इमर्जन्सीतल्या नर्सचं लक्ष साहजिकच नव्याने आलेल्या अत्यवस्थ रुग्णाकडे आधी जातं. रात्रभर दिवे चालू, मॉनिटरचे आवाज, झोप नाही. म्हाताऱ्या मेंदूला एवढं पुरतं, माणूस बरळू लागतो, उठायला जातो आणि पडतो. स्ट्रेचर अरुंद, गादी पातळ. कुणी कूस बदलून दिली नाही तर पाठीला जखमा होतात. पार्किन्सनच्या रुग्णाची गोळी काही तास चुकली तर अंग आखडतं, गिळणं अवघड होतं. यातलं काहीच मूळ आजारामुळे घडलेलं नसतं, म्हणून माझ्या मनाला ते जास्त लागतं.

सर्दी-खोकल्याचे लोक उगाच गर्दी करतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्या रुग्णांना बेड लागतच नाही. ते लवकर मोकळे होतात. खरी कोंडी वरच्या मजल्यांवर असते: नर्स नाहीत म्हणून बंद ठेवलेल्या खाटा, दुपार उलटल्यावर होणारे डिस्चार्ज, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून अडकून पडलेले वृद्ध.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक इथल्या विद्यापीठ रुग्णालयाने एक वाट काढली. इमर्जन्सी भरली की भरती ठरलेले काही रुग्ण वेगवेगळ्या वॉर्डांच्या कॉरिडॉरमध्ये हलवायचे, म्हणजे सगळा भार एकाच जागी पडत नाही. अशा रुग्णांना विचारलं तेव्हा बहुसंख्यांनी वॉर्डाच्या कॉरिडॉरलाच पसंती दिली.