मुघल शहजाद्या आणि लग्नबंदीची गोष्ट

‘जावई गादीवर हक्क सांगतील म्हणून अकबराने मुघल शहजाद्यांच्या लग्नावर कायमची बंदी घातली’, असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय.

समज होण्याला निमित्त आहे. शाहजहान-मुमताजच्या वयात आलेल्या तिन्ही मुली अविवाहितच राहिल्या. (थोरलीकडे सुरत बंदराचं उत्पन्न होतं, स्वतःचं जहाजही, त्यामुळे अविवाहित म्हणजे कोंडलेली असंही नाही.) पण एका पिढीवरून घराण्याचा नियम ठरत नाही. मुळात खुद्द अकबराच्याच दोन मुलींची लग्नं झाली होती. पुढे औरंगजेबाने १६७२ आणि १६७३ साली आपल्या दोन मुली चुलतभावांना दिल्या. ज्या दोन भावांना त्याने स्वतः ठार करवलं, त्यांचेच हे मुलगे! जावयाची धास्ती नसेलच असं नाही, पण तिच्यावरचा उपाय घराण्यातलंच स्थळ हा होता, बंदी नव्हे.

पडताळायचं असेल तर अकबर ते औरंगजेब या चार बादशहांची वंशावळ काढा आणि प्रत्येक मुलीपुढे नवऱ्याचं नाव आहे का, ते बघा. औरंगजेबाच्या मुलींची लग्नं ‘मासिर-इ-आलमगिरी’ या फारसी इतिहासात नोंदलेली सापडतील.