टॅरेंटुलाचे खाद्यकीटक (ग्रामीण विदर्भ)

टॅरेंटुला हा थेराफोसिडी कुळातला मोठा, केसाळ कोळी. तो पाळणारा त्याच्यासाठी जे जिवंत किडे निवडून घरीच वाढवतो, ते खाद्यकीटक. पावसाळ्यात विदर्भातल्या कोणत्याही गावी दिव्याखाली मूठभर किडे फुकट मिळतात, मग पाळायचे कशाला? याचे उत्तर शेतात आहे. कपाशी, सोयाबीन, तुरीवर हंगामभर फवारणी चालते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेच औषध अंगावर घेतलेला नाकतोडा कोळ्यापुढे टाकण्यात अर्थ नाही. असा अर्धमेला किडा पळत नाही, म्हणून कोळी त्याला आधी धरतो. बांधावरच्या रुईवर बसणारा पिवळा-निळा नाकतोडा तर फवारणीविनाच विषारी असतो, कारण रुईच्या चिकातले विष तो अंगात साठवतो. घरातली झुरळेही नकोत. कुठला खडू किंवा स्प्रे चाटून आली, कळत नाही.

पाळायला रातकिडे, मिलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) आणि ड्युबिया झुरळे चालतात. ड्युबिया मूळची दक्षिण अमेरिकेतली. गुळगुळीत भिंतीवर चढत नाहीत, ओरडत नाहीत. रातकिड्यांचे नर मात्र रात्रभर पंख घासतात, आणि घरच्यांची कुरकुर तिथूनच सुरू होते. तरीही सुरुवात काळ्या रातकिड्यानेच करावी, कारण तो आपल्याकडचाच आहे आणि झपाट्याने वाढतो.

उंच प्लास्टिकच्या डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावतात. खायला गव्हाचा कोंडा, तुरीची चुनी, गाजराचे काप. वाटीत पाणी ठेवले की पिले बुडून मरतात, म्हणून कापसाचा ओला बोळा ठेवायचा. तो रोज बदलला नाही तर डब्याला वास मारतो. एका डबीत ओलसर माती दिली, की मादी सुईसारखी अंडनलिका तिच्यात खुपसून अंडी घालते. ३० अंशांच्या आसपास १० ते १४ दिवसांत मुंगीएवढी पिले निघतात आणि ६ ते ८ आठवड्यांत पूर्ण वाढतात. मिलवर्म कोंड्यातच राहतात आणि कोंडाच खातात. पण साठवणीच्या धान्याला कीडनाशक पावडर लावली असेल, तर त्याच्या कोंड्याने अख्खा डबा मरतो. नवा कोंडा आधी दहा किड्यांवर दोन दिवस पाहावा.

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाखाली ठेवलेला डबा दुपारपर्यंत संपतो. मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीवर, रांजणाशेजारी तो तग धरतो. मुंग्या चढू नयेत म्हणून परातीत पाणी भरून मध्ये वीट ठेवावी आणि तिच्यावर डबा.

शिकार कोळ्याच्या पोटापेक्षा मोठी नसावी. प्रौढ कोळ्याला ७ ते १० दिवसांतून एकदा पुरे. अगदी लहान पिलांना रातकिड्याचा तोडलेला पाय देतात. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढायचा. कात टाकताना कोळी पाठीवर उताणा पडतो, तेव्हा त्याचे अंग इतके मऊ असते की उपाशी रातकिडा त्यालाच कुरतडतो. नुकतीच कात टाकलेल्या कोळ्याचे दात पांढरे असतात, मग तांबूस आणि शेवटी काळे होतात. ते काळे होईपर्यंत डब्यात किडा सोडत नाहीत.