लालकुशी लोरिकीट

फुलांतला मध आणि पराग यांवर जगणारा न्यू गिनी व भोवतालच्या बेटांवरील चिमुकला पोपट. लांबी १७ सेंटिमीटरच्या आसपास, त्यातही बराच वाटा निमुळत्या शेपटीचा. वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. शास्त्रीय नाव हायपोकार्मोसिना प्लासेंटिस. पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलण्यात ‘कार्मोसिना’ हे आधीचे प्रजातिनाम अजून टिकून आहे. मराठीत याला रूढ नाव नसल्याने नराच्या कुशीवरील लाल रंगावरून येथे हे नाव दिले आहे. पाळण्याविषयीच्या सूचना नागपूरकरांना समोर ठेवून दिल्या आहेत.

नर हिरवा, चेहरा आणि कुशी लाल, कानाजवळ निळा डाग. मादीच्या अंगावर ही लाली नसते, तिच्या कानाजवळ पिवळ्या रेघा असतात. लोरी म्हणजे मध-परागावर जगणाऱ्या पोपटांचा गट, लोरिकीट त्यातलाच. बहुतेक लोरींमध्ये नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे जोडी ओळखण्यासाठी तपासणी करून घ्यावी लागते. येथे नुसत्या डोळ्यांनी काम भागते. प्रौढ पक्ष्याची चोच लाल असते.

भारतात लोरी गटातील एकही पक्षी निसर्गतः आढळत नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत सह्याद्रीतील उलटे टांगून झोपणाऱ्या छोट्या पोपटाला ‘इंडियन लोरिकीट’ म्हटलेले आढळते. तो वेगळ्या गटातला पक्षी आहे. लोरींचा सर्वांत जवळचा नातलग मात्र नागपुरात घरोघरी सापडेल. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे बजरिगार हे ते नातलग. नाते जवळचे असले, तरी राळ्यावर वाढणारा बजरिगार पाळला म्हणून लोरिकीट पाळता येईल, असा हिशेब करू नये.

मालुकू बेटे, काई, अरू, न्यू गिनी, बिस्मार्क द्वीपसमूह आणि बूगनव्हिल येथे याच्या पाच उपजाती आहेत. मुक्काम मुख्यतः समुद्रालगतच्या सखल, दमट जंगलात. लहान थव्याने सरळ, वेगवान भरारी घेत तो एका फुललेल्या झाडावरून दुसऱ्यावर जातो. घरटे बहुधा झाडावरील वाळवीच्या वारुळात कोरलेले असते, अंडी दोन. जंगलात जातीला सध्या मोठा धोका मानला जात नाही.

याची खरी ओळख जिभेत आहे. टोकाशी ब्रशासारखे बारीक केस वाटावेत असे उंचवटे असतात. त्यांनी मध आणि पराग पुसून घेता येतात. फाल्गुनात नागपूरच्या आसपास पळस फुलतो तेव्हा आपले रानपोपट फुले कुरतडून मध घेतात आणि झाडाखाली पाकळ्यांचा सडा पडतो. लोरिकीट तेच काम फूल न मोडता करतो. दाणे दळणारे त्याच्या पोटातील स्नायू दुबळे असतात. म्हणून मिठूला चालणारे भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया यांवर त्याला ठेवणे म्हणजे ताटापुढे उपाशी बसवणे होय.

पाळलेल्या पक्ष्याला लोरींसाठी तयार मिळणारी मधभुकटी पाण्यात कालवून देतात, जोडीला पपई, सफरचंद, नाशपाती आणि औषध न फवारलेली जास्वंद किंवा बॉटलब्रशची फुले. नागपुरात येथेच हमखास चूक होते, आणि ती प्रेमापोटी होते: पाहुण्याला संत्रा देण्याची. लोरींचे शरीर अन्नातील लोह फार साठवते. ते यकृतात साचत गेले की पक्षी दगावतो, आणि क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. मृग बहाराची गोड फोड असली तरी ती याच्या रोजच्या वाटीत नको. गूळपाणीही नको, माणसाला ज्या लोहासाठी गूळ चांगला म्हणतात, तेच येथे घातक.

नागपूरचा उन्हाळा ही दुसरी अडचण. पक्ष्यांना घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. समुद्रकाठच्या दमट सावलीत घडलेल्या पक्ष्याला दोन्ही गोष्टी जाचतात. वाळ्याच्या ताटीचा कुलर येथे उपयोगी पडतो, कारण तो गारव्याबरोबर ओलही देतो. फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नसावा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर गच्चीवरच्या पत्र्याखाली पिंजरा ठेवूच नये. गोड पाणी या दिवसांत दोन तासांत आंबू लागते आणि त्यातून चोचीत व अन्ननलिकेत बुरशी होते. म्हणून स्टीलची वाटी, थोडे थोडे मिश्रण आणि प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुणे, याला पर्याय नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा उबेची सोय लागते.

विष्ठा पातळ असते आणि ती दूरवर उडते. मागची भिंत धुता येईल अशी हवी. उंच गोल पिंजऱ्यापेक्षा उडायला लांबी मिळेल असा आडवा पिंजरा बरा. एकट्याने ठेवण्याचा पक्षी हा नव्हे. वारुळाची सवय असलेल्या जोडीला बंद, अंधारी पेटी दिली तरी पिल्ले होतीलच असे नाही, आणि नवख्याने त्या नादी न लागणे उत्तम.

पोपटवर्गातील बहुतेक जातींप्रमाणे हाही १९८१ पासून वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव कायद्यानुसार अशा परदेशी जाती अनुसूची चारमध्ये येतात. पाळणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पक्षी कोठून आला याचे कागद विक्रेत्याकडून खरेदीच्या वेळीच घ्यावेत. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून पक्षी घेऊ नये.