प्रुफं तपासली म्हणजे संपादन झालं का?

सोलापुरात पदरचे पैसे घालून पुस्तक काढणारे कमी नाहीत. निवृत्त मास्तर, गिरणीत उमेदीची वर्षं गेलेले कामगार, देवळाचा इतिहास लिहायला घेतलेले गृहस्थ. मी प्रुफं तपासतो म्हणून यातले बरेच जण माझ्याकडे येतात. पिशवीतून डीटीपीवाल्याने संगणकावर जुळवलेल्या पानांचा गठ्ठा निघतो आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, "एवढं एडिटिंग करून द्या, शुद्धलेखन तेवढं बघायचंय." एका वाक्यात दोन वेगळी कामं सांगितलीत हे बोलणाऱ्याच्या गावी नसतं.

मुद्रितशोधकाचं, म्हणजे प्रुफं तपासणाऱ्याचं, काम पान लागल्यावरचं, मजकूर पानांत मांडून झाल्यावरचं. 'गरीब'चं सामान्यरूप 'गरिबाला', पण 'शरीर' तत्सम म्हणून 'शरीराला'. 'फूल' दीर्घ, 'फुलाला' ऱ्हस्व. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी ४ आले. त्या १८ नियमांच्या चौकटीत आम्ही बसतो. शिवाय जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला की रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, 'ऱ्या' तुटतो. अनुक्रमणिकेतला पान नंबर आतल्या पानाशी जुळतो का, हेही आम्हीच बघायचं. लेखकाला काय म्हणायचंय यात आम्ही पडत नाही आणि पडूही नये.

संपादक नेमका तिथेच पडतो. एका काकांच्या आत्मकथनात वाक्य होतं, "१९४२ साली सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा आजोबा तरुण होते." वेलांटी, उकार, विरामचिन्ह, सगळं जागच्या जागी. नुसतं प्रूफ बघणाऱ्याने ते पुढे जाऊ दिलं असतं. पण मार्शल लॉ मे १९३० मधला. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला. संपादक इथे थांबतो, वर्ष दुरुस्त करतो आणि विचारतो, मग आजोबांचं वय किती होतं? त्या एका प्रश्नाने पुढची तीन पानं हलली.

त्याच हस्तलिखितात पहिली चाळीस पानं कुळाची, कुलदैवताची, कोण कुठून येऊन सोलापुरात स्थायिक झालं त्याची. आई विड्या वळायची, त्यातल्या काही रोज बाद काढल्या जायच्या आणि त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, हे यायचं थेट ६३ व्या पानावर. पुस्तक तिथून सुरू करा, हे सांगणारा माणूस म्हणजे संपादक. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांची नावं मराठीत आदराने घेतात ती ऱ्हस्व-दीर्घ पक्कं होतं म्हणून नव्हे. लेखकाकडून पुन्हा लिहून घेण्याची त्यांच्यात चिकाटी होती.

बोलीचं तर विचारूच नका. संवादात "काय करलालास बे?" आलं की उत्साही प्रूफरीडर त्याचं "काय करत आहेस?" करून टाकतो आणि सोलापूरचा माणूस एकदम पुण्याचा होतो. कुठे बोली ठेवायची, कुठे प्रमाण भाषा, हे संपादकाने लेखकाशी बोलून आधी ठरवायचं आणि तशी शब्दांची यादी आमच्या हातात द्यायची. मग आमचा हात तिथे चालत नाही.

क्रम चुकला की पैसा जातो. जॅकार्डच्या चादरीत नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या पट्टीतच भोक चुकलं असेल तर विणून झाल्यावर लोंबते धागे कापून काय उपयोग? पान लागल्यावर एक प्रकरण पुढे-मागे केलं की पान नंबर, अनुक्रमणिका, सगळं पुन्हा करायचं. डीटीपीवाला त्याचे पैसे पुन्हा घेतो, आणि त्याचं चुकतही नाही.

आता वाचकांचं. छापण्याआधी ब्लॉगवर काही प्रकरणं टाकून बघा असं मी सांगतो, पण तिथली दाद म्हणजे संपादन नव्हे. नात्यातले लोक "छान लिहिलंय" म्हणतात, त्याचं मोल तेवढंच. ओळखपाळख नसलेला वाचक कोणत्या लेखानंतर यायचा थांबला ते बघा. वाचक कुठे उठून गेला एवढं ब्लॉगवर कळतं. तो का गेला, हे संपादक सांगतो. आणखी एक गंमत. ब्लॉगच्या प्रत्येक लेखात "माझे वडील गिरणीत होते" हे नव्याने सांगावं लागतं. तेच लेख जसेच्या तसे पुस्तकात घातले की वडील बारा वेळा गिरणीत कामाला लागतात. ब्लॉगवरची चूक रात्री उठूनही सुधारता येते, छापलेल्या ५०० प्रती मात्र तशाच पलंगाखाली राहतात.

समोरचा माणूस दोन्हींपैकी कोण, हे ओळखायचं तर त्याला दहा पानं द्या आणि आठवड्याने परत मागा. समासात नुसत्या लाल खुणा असतील तर तो माझ्या जातकुळीतला. त्याला शेवटी बोलवा. "आई त्या वेळी कुठे होती?" असं पेन्सिलीने लिहिलेलं असेल, तर पुढची पानं आधी त्याच्याकडे द्या.