खरखर आणि तारेचा पीळ

जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये भंगाराचा ट्रक काट्यावर उभा होता आणि बाहेरच्या डिस्प्लेवर वजन सोडून काहीही उमटत होतं. क्रेन थांबली की आकडा शहाण्यासारखा स्थिर. काट्यात दोष नव्हता. क्रेनच्या ड्राइव्हची (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राची) जाडजूड केबल आणि डिस्प्लेची करंगळीएवढी डेटा केबल एकाच ट्रेमधून खेटून नेली होती.

जाड केबलचा गोंगाट शेजारच्या बारीक केबलमध्ये शिरत होता. हे भांडण टेलिफोनइतकंच जुनं आहे. त्याआधी तारायंत्राला एकच तार पुरायची. परतीची वाट म्हणून जमीन चालते, हे जर्मनीत स्टाइनहाइल यांनी १८३८ साली दाखवलं आणि निम्मी तार वाचली. कट्ट-कडकट्टला थोड्या गोंगाटाची पर्वा नव्हती. १८७६ साली टेलिफोन आला तोही याच एकेरी तारांवर, पण त्याला माणसाचा आवाज न्यायचा होता. पुढे अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या. त्यांचाही करंट जमिनीतून परतायचा, आणि फोनमध्ये माणसापेक्षा ट्रामच जास्त बोलू लागली.

मग जमीन सोडून दुसरी तार ओढली. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, घेणारं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणजे गोंगाट वजा. मात्र एक तार त्याच्या जवळ आणि दुसरी लांब असेल तर वजाबाकी चुकते. म्हणून खांबांवर ठरावीक अंतराने दोन तारांच्या जागा बदलायची पद्धत आली. ग्रॅहम बेल यांनी तर १८८१ सालीच दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याचं पेटंट घेतलं. एखादी लॅन केबल सोलून पाहा: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी अशा चार जोड्या आणि प्रत्येकीचा पीळ कमीजास्त. तो सारखा असता तर जोड्यांनी एकमेकींचंच ऐकलं असतं.

मराठवाड्यात हा धडा रेल्वेनेही आणला. निजामाच्या काळातल्या मनमाड-सिकंदराबाद मार्गालगत खांबांवरून तारा जायच्या. आपल्या रेल्वेने १९५७ साली २५ हजार व्होल्टची एसी पद्धत स्वीकारली. तिचा परतीचा करंट रुळांतून आणि काहीसा जमिनीतून जातो, शेजारच्या उघड्या तारांत व्होल्टेज उठवतो. म्हणून रूळ विजेवर घ्यायचे तर दळणवळणाच्या तारा खांबांवरून उतरवून केबलमध्ये घालाव्या लागतात. ट्रामचाच किस्सा, मोठ्या मापाचा.

कारखान्यांत १९८३ च्या आरएस-४८५ या डेटा पाठवण्याच्या मानकाने हीच वजाबाकी पक्की केली. वरून पन्नीचं शील्ड, म्हणजे तारांभोवतीचं आवरणही आलं. ते विद्युत क्षेत्र अडवतं, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ मोकळी वाट देतं. तिथे पीळच कामाचा. शील्डला अर्थिंग एका टोकाला की दोन्हीकडे? ५० हर्ट्झच्या गुणगुणीसाठी एकाच, ड्राइव्हच्या वरच्या वारंवारतेच्या खरखरीसाठी दोन्हीकडे, असं ढोबळ उत्तर आहे. दोन वायरमनचं यावर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. त्यात मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं आणि दोन टोकांच्या अर्थमध्ये फरक पडला की शील्डमधूनच करंट वाहतो.

मिलमध्ये डेटा केबल वेगळ्या लोखंडी पाइपातून काढली, ड्राइव्हची केबल ओलांडावी लागली तिथे काटकोनात. तरी आकडा अधूनमधून थरथरायचा. टर्मिनलपाशी कुणीतरी सोयीसाठी वीतभर पीळ उलगडून ठेवला होता. तो पुन्हा दिला, मग ट्रक काट्यावरून उतरला.