मराठी नियतकालिक सुरू करायचंय? नोंदणीची प्रक्रिया आणि कागदपत्रं

दैनिक असो, मासिक असो की तालुक्यापुरतं चारपानी साप्ताहिक, छापायला घेण्याआधी नोंदणी लागतेच. १८६७ चा जुना कायदा गेला आणि १ मार्च २०२४ पासून 'प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३' लागू झाला. ज्याला आपण इतकी वर्षं 'आरएनआय' (रजिस्ट्रार ऑफ न्यूजपेपर्स फॉर इंडिया) म्हणत आलो, ते वृत्तपत्रांची नोंदणी करणारं कार्यालय आता प्रेस रजिस्ट्रार जनरल, म्हणजे पीआरजीआय. दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन घोषणापत्र करायची पद्धतही संपली. आता नाव आणि नोंदणी, दोन्हींसाठी 'प्रेस सेवा' पोर्टलवर एकच ऑनलाइन अर्ज करायचा.

नोंदणी म्हणजे मजकुराला सरकारची मंजुरी नव्हे. मालक कोण, छापतो कोण आणि छापलेल्याला जबाबदार कोण, याची ती जाहीर नोंद आहे. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छापखान्याचा पत्ता असतो. माध्यम व्यवसायाचा अभ्यास करणाऱ्याने वाचायला सुरुवात तिथूनच करावी. वर्तमानपत्र कुणाच्या हातात आहे, याचा पहिला धागा त्या ओळीत सापडतो.

ठरावीक काळाने छापून निघणारं आणि सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असणारं प्रकाशन या कायद्यात येतं. पुस्तकं आणि शास्त्रीय, तांत्रिक वा शैक्षणिक संशोधनपत्रिका यातून वगळल्या आहेत. महाविद्यालयाच्या संशोधनपत्रिकेला हवा असतो तो आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाच्या ओळखीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आणि तो वेगळ्या संस्थेकडून मिळतो. फक्त वेबवर चालणाऱ्या बातम्यांच्या पोर्टलची नोंदणी पीआरजीआय करत नाही. 'तुमच्या पोर्टलला पीआरजीआय नंबर काढून देतो' असं सांगणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

दहशतवादी वा बेकायदेशीर कृत्यासाठी किंवा देशाच्या सुरक्षेविरुद्धच्या कृत्यासाठी दोषी ठरलेल्या व्यक्तीला नियतकालिक काढता येत नाही. मालक एकटी व्यक्ती असू शकते, तशीच संस्था किंवा कंपनीही.

बहुतेकांची गाडी अडते ती नावावर. त्याच भाषेतलं तेच किंवा मिळतंजुळतं नाव देशात कुठेही दुसऱ्या मालकाकडे असेल, तर ते मिळत नाही. आपल्या राज्यात तर दुसऱ्या भाषेतलं नावही आडवं येतं. समजा, साताऱ्यातून 'पाणवठा' हे मराठी मासिक काढायचंय. या नावाचं मराठी पाक्षिक पणजी किंवा इंदूरहून नोंदलेलं असलं तर नकार येणार, आणि मुंबईत याच नावाचं हिंदी साप्ताहिक असलं तरीही नकारच. म्हणून आधी पीआरजीआयच्या संकेतस्थळावर नोंदलेली नावं शोधा आणि दोन-चार पर्याय हाताशी ठेवा. लोगो आणि लेटरहेड नंतर.

कागदपत्रांमध्ये प्रकाशक आणि मालकाची ओळखपत्रं (आधार, पॅन), प्रकाशनाच्या जागेच्या पत्त्याचा पुरावा, मालक संस्था असेल तर तिचं नोंदणीपत्र आणि प्रकाशकाला दिलेलं अधिकारपत्र, तसंच छापखाना दुसऱ्याचा असेल तर त्याच्याशी केलेला करार तयार ठेवा. ई-स्वाक्षरीसाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. स्पेलिंग सगळीकडे एकच असू द्या. आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि करारात तिसरंच असेल तर अर्ज त्रुटीसाठी परत येण्याची भीती असते. छापखान्यालाही आपली माहिती पोर्टलवर द्यावी लागते. ती दिली आहे का, हे करार करण्याआधी विचारून घ्या.

शुल्क ऑनलाइनच भरायचं. अर्ज पीआरजीआयबरोबरच जिल्ह्यातल्या सक्षम अधिकाऱ्याकडेही जातो. हरकत आहे की नाही, हे त्यांनी ६० दिवसांत कळवायचं असतं. त्या मुदतीत उत्तर आलं नाही तरी पीआरजीआय पुढचा निर्णय घेऊ शकतं. प्रमाणपत्र डिजिटल मिळतं आणि त्यावर क्यूआर कोड असतो.

त्यानंतर अंक ठरल्या वेळेला काढणं आणि दर वर्षी वार्षिक विवरण भरणं, ही दोन कामं चुकवू नका. लहान पत्रांचं घोडं इथेच अडतं, कारण लेखन, जाहिराती आणि वाटप एकच माणूस बघत असतो. नोंदणीशिवाय छापलं तर पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. काही कारणांसाठी नोंदणी ३० ते १८० दिवस स्थगित होऊ शकते, किंवा रद्दही. नोंदणी नाकारली, स्थगित वा रद्द झाली किंवा दंड लागला, तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील मंडळाकडे दाद मागता येते. भारतीय प्रेस परिषदेचे अध्यक्ष या मंडळाचे प्रमुख असतात.