कुपीत लख्ख, फिल्ममध्ये मंद: क्वांटम डॉट रेझिनमध्ये मिसळण्यापूर्वी हे वाचा

क्वांटम डॉट म्हणजे प्रकाश शोषून ठरावीक रंगाचा उजेड देणारे, काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण. त्यांच्या द्रावणाच्या कुपीवर टॉर्च मारली की झळाळणारा लाल किंवा हिरवा रंग तयार फिल्ममध्ये मंद दिसला, की पहिला संशय मालावर जातो. कधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा बिघाड होतो तो कुपीतून रेझिनमध्ये (घट्ट होऊन फिल्म बनणाऱ्या द्रवात) जाताना, म्हणून या पत्रकात त्याच टप्प्याबद्दल अधिक लिहिले आहे.

कण आणि त्याचे आवरण

क्वांटम डॉटचा रंग त्याच्या आकारावर ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर उजेड देतो, ६ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल. गाभ्यावर झिंक सल्फाइडचे कवच असते आणि त्याच्याही बाहेर ओलिक आम्लासारख्या लांब, तेलकट शेपट्यांच्या रेणूंचे आवरण. या रेणूंना लिगँड म्हणतात. कण टोल्युइन या द्रावकात सुटे राहतात ते या शेपट्यांमुळे. तुमच्या रेझिनशी या शेपट्यांचे जमले नाही, तर कण एकमेकांना बिलगतात. मग एका कणाने घेतलेली ऊर्जा उजेड न होता शेजारच्या कणाकडे जाते, आणि त्यात सदोष कण असला की तिथेच विझते. ही देवघेव अंतराच्या सहाव्या घाताने घटते, त्यामुळे कणांमध्ये काही नॅनोमीटरची फट राहिली तरी पुष्कळ फरक पडतो.

कोणता प्रकार घ्यावा

कॅडमियम सेलेनाइडच्या उत्सर्जनपट्ट्याची अर्धउंचीवरची रुंदी (ती जितकी कमी, तितका रंग शुद्ध) साधारण २५ ते ३० नॅनोमीटर असते, इंडियम फॉस्फाइडची ३५ ते ४५. सिझियम लेड (म्हणजे शिसे) ब्रोमाइड हा पेरोव्हस्काइट वर्गातला पदार्थ ५२० नॅनोमीटरच्या आसपास सुमारे २० नॅनोमीटर रुंदीचा हिरवा देतो, पण ओलाव्यापुढे तो सर्वांत नाजूक. युरोपात विकायच्या विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये एकसंध पदार्थात वजनाने कॅडमियम ०.०१ टक्के आणि शिसे ०.१ टक्के, ही मर्यादा आहे. फिल्ममध्ये ०.२ टक्के डॉट असले आणि डॉटच्या वजनातले कॅडमियम ४० टक्के धरले, तर थरात ते ०.०८ टक्के भरते, म्हणजे मर्यादेच्या आठपट. तुमच्या वस्तूला या मर्यादेतून सवलत लागू होते का, हे ऑर्डर देण्याआधीच पाहावे. होत नसेल तर इंडियम फॉस्फाइड घ्यावे आणि रंग थोडा पसरट येईल हे धरून चालावे.

अ‍ॅक्रिलेटमध्ये मिसळण्याची पद्धत

सुरुवातीला २० ग्रॅमचीच खेप करावी. आयसोबोर्निल अ‍ॅक्रिलेट १६ ग्रॅम, हेक्झेनडायॉल डायअ‍ॅक्रिलेट ४ ग्रॅम, फॉस्फिन ऑक्साइड गटाचा फोटोइनिशिएटर (प्रकाश पडताच रेझिन घट्ट होण्याची सुरुवात करणारा पदार्थ) ०.२ ग्रॅम. डॉट ०.२ टक्के हवे असतील तर ४० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचे १.६ मिलिलिटर.

आधी डॉट फक्त आयसोबोर्निलमध्ये घालावेत. त्याचा अवजड, तेलकट सांगाडा लिगँडशी जुळतो. हेक्झेनडायॉल त्यापेक्षा ध्रुवीय असल्याने ते नंतर, ढवळत ढवळत, थेंबाथेंबाने सोडावे. एकदम ओतले तर मिश्रण डोळ्यांदेखत गढूळ होते, आणि एकदा झालेल्या गुठळ्या अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवूनही सहसा पूर्ण सुटत नाहीत.

टोल्युइन काढायचे ते हेक्झेनडायॉल घालण्याआधी, ४० अंश सेल्सिअसच्या आत, हलक्या व्हॅक्यूमखाली. ते संपले की नाही हे वासावरून ठरवू नये, वजनकाट्यावर पाहावे. १.६ मिलिलिटर टोल्युइन सुमारे १.४ ग्रॅम भरते. भांड्याचे वजन सोडून मिश्रण १६.०४ ग्रॅमच्या आसपास आले की थांबावे. वजन त्याखाली जाऊ लागले तर आता आयसोबोर्निलच उडते आहे. मागे राहिलेले टोल्युइन क्युअरिंगनंतर (रेझिन पक्के झाल्यावर) फिल्म मऊ ठेवते आणि पुढे हळूहळू बाहेर पडताना बारीक पोकळ्या सोडते.

इथे एक पेच आहे. डॉटला नायट्रोजन आवडतो, पण अ‍ॅक्रिलेट आपोआप गोठू नये म्हणून त्यात घातलेला रोधक ऑक्सिजन असतानाच काम करतो. म्हणून डॉटचे द्रावण नायट्रोजनखाली ठेवावे, मिसळलेले अ‍ॅक्रिलेट मात्र वरती हवेची जागा सोडून, अंधारात, आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावे. मिश्रण रात्रभर नायट्रोजनखाली ठेवले तर सकाळी बाटलीत घट्ट गोळा सापडू शकतो.

फोटोइनिशिएटर सर्वांत शेवटी, पिवळ्या दिव्याखाली घालावा. दोन बॅरिअर फिल्मच्या (हवा व ओलावा अडवणाऱ्या पातळ पडद्यांच्या) मध्ये १०० मायक्रॉनचा थर ओढून ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पक्का करावा. वरची फिल्म हवा अडवते, म्हणून पृष्ठभाग चिकट राहत नाही. उघड्या थराला हा त्रास हमखास होतो. डॉट स्वतःच हा प्रकाश शोषतात, त्यामुळे जाड थराचा तळ कच्चा राहतो. २०० मायक्रॉनच्या वर दोन्ही बाजूंनी प्रकाश द्यावा. कच्चेपणा घालवण्यासाठी इनिशिएटर तिप्पट करण्याचा मोह होतो, पण जास्तीचे मुक्त मूलक (इनिशिएटरपासून बनणारे अतिक्रियाशील तुकडे) लिगँडवर तुटून पडतात आणि उजेड आणखी घटतो.

द्रावण पातळ करायला एथेनॉल किंवा अ‍ॅसिटोन कधीही वापरू नये. प्रयोगशाळेत डॉट धुताना साका बसवण्यासाठी हेच द्रावक घालतात. अ‍ॅसिटोनने धुतलेले भांडे पुरते वाळवल्याशिवाय घेऊ नये.

सिलिकोन वेगळे का

एलईडीच्या सिलिकोनला क्युअर करणारा प्लॅटिनम उत्प्रेरक अमाइन, थायॉल आणि फॉस्फिन या रासायनिक गटांनी निकामी होतो. डॉटच्या लिगँडमध्ये नेमके हेच गट सापडतात. डॉट घातलेला भाग चिकट आणि कोरे सिलिकोन कडक, असे दिसले तर ओव्हन दोषी नाही. शिवाय ओलिक लिगँडचे डॉट सिलिकोनमध्ये नीट विरघळतही नाहीत. सिलिकोनच वापरायचे असेल तर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाच्या आवरणातली डॉटची भुकटी मागवावी, आणि मोठ्या खेपेआधी ५ ग्रॅमवर चाचणी घ्यावी.

पांढऱ्या एलईडीत घालतात त्या पिवळ्या फॉस्फरची (निळ्या प्रकाशाने पिवळी उजळणाऱ्या भुकटीची) अडचण निराळी. सिरियमयुक्त याग (यिट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेट) या फॉस्फरचा कण साधारण १० मायक्रॉनचा आणि घनता ४.५५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असल्याने तो खाली बसतो. ३००० सेंटिपॉइज दाटपणाच्या (विस्कॉसिटीच्या) सिलिकोनमध्ये तासाला सुमारे ०.२ मिलिमीटर, ओव्हनमध्ये सिलिकोन पातळ झाले की याच्या कितीतरी पट. एलईडीची वाटी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, त्यामुळे सकाळी भरलेल्या आणि दुपारी भरलेल्या एलईडींच्या पांढऱ्यात फरक पडतो. सिरिंज भरल्यावर लगेच वापरावी, किंवा १ टक्क्याच्या आसपास फ्यूम्ड सिलिका (अतिबारीक सिलिकाची भुकटी) घालून मिश्रण घट्ट करावे. सुटे क्वांटम डॉट मात्र असे बसत नाहीत. बाटलीच्या तळाशी साका दिसला तर त्या गुठळ्याच समजाव्यात.

रंग लालीकडे सरकला तर

कारणे दोन, उपाय वेगवेगळे. जास्त डॉट असले की हिरव्या बाजूचा उजेड शेजारचे डॉट पुन्हा शोषतात आणि उत्सर्जनाचे शिखर काही नॅनोमीटर लालीकडे जाते. गुठळ्यांमुळेही तसेच होते. ओळखायचे असेल तर त्याच मिश्रणाचा १० मायक्रॉनचा पातळ थर करून मोजावा. सरक नाहीशी झाली तर पुनर्शोषण आहे, डॉट कमी करावेत. राहिली तर गुठळ्या आहेत, लिगँड किंवा रेझिन बदलावे.

डॉट कमी केल्यावर त्यांना उजळवणारा निळा प्रकाश आरपार जाऊ लागला, तर सुमारे ०.५ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड घालून पाहावे. प्रकाश आत इकडेतिकडे उसळतो, त्याची वाट लांबते आणि कमी डॉटमध्ये तेवढेच शोषण मिळते. कण पृष्ठ-लेपित प्रतीचेच असावेत; उघडे टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील प्रकाशात भोवतालचे रेझिन खाते.

मोजमाप आणि टिकाऊपणा

द्रावणाची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती उजेड होऊन बाहेर पडतात) एथेनॉलमधल्या ऱ्होडामाइन ६-जी या चमकणाऱ्या रंगद्रव्याशी तुलना करून काढता येते. त्याची कार्यक्षमता ०.९५ धरतात. दोन्ही द्रावणांचे शोषण १० मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक पात्रात) ०.१ च्या खाली ठेवावे आणि द्रावकांच्या अपवर्तनांकातला फरक हिशेबात धरावा. फिल्मसाठी ही पद्धत चालत नाही, तिथे इंटिग्रेटिंग स्फिअरच (सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल) हवा.

नव्या फिल्मचा उजेड निळ्या प्रकाशाखाली पहिल्या काही तासांत कधीकधी वाढतो. ही वाढ स्थिरावल्यावरचा आकडा आरंभबिंदू धरावा, नाहीतर पुढची घट चुकीची मोजली जाते. तापमान वाढले की उजेड घटतो आणि शिखर लालीकडे जाते, म्हणून फिल्म एलईडीच्या चिपपासून दूर ठेवणे केव्हाही बरे.

कापलेल्या कडेतून हवा आणि ओलावा शिरतो आणि तिथली पट्टी मंद होते. चौकटीखाली झाकली जाईल अशी २ मिलिमीटरची कड आराखड्यातच सोडावी. नमुना ६० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत ठेवून दर आठवड्याला ही मंद पट्टी मोजावी. कड रुंदावते पण मध्य तसाच राहतो, तर बॅरिअर फिल्म ठीक आहे आणि कड बंद करायला हवी. मध्यही विझू लागला तर बॅरिअर बदलावी.